न्हाणीघरातला बोळा

१

सकाळी सकाळी मास्तरीणबाईंच्या घराचं छत पडलं. सगळं नाही, न्हाणीघरालगतचा एक कोपरा, आणि तोही रिकाम्या पलंगावर. पण मी पोचेपर्यंत तो त्यांच्या डोक्यावर पडता पडता राहिला होता. जिन्यात येणाऱ्या प्रत्येकाला त्या हे नव्याने सांगत होत्या आणि दर वेळी गिलाव्याचा तुकडा थोडा मोठा होत होता.

मी गृहनिर्माण खात्यात तपासनीस आहे. घरं बघणं हे माझं काम. म्हणजे दुसऱ्यांची.

पाणी आलं होतं वरच्या फ्लॅटमधून, आणि वरचा फ्लॅट रिकामा होता. दाराला कुलूप होतं आणि ते शाबूत होतं. रखवालदाराने ते उघडलं तसं पाणी आमच्या पायांवरून जिन्यात उतरलं. न्हाणीघरातला नळ पूर्ण उघडा. खाली बादली, ती भरभरून वाहतेय. आणि मोरीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा घट्ट बसवलेला.

"आता याला कोणी अपघात म्हणून दाखवावं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

हा फ्लॅट साधासुधा नव्हता. आमच्या शहरात एक रुंद रस्ता आहे. त्याच्या अलीकडे पक्क्या इमारती, पलीकडे पत्र्याच्या शेड. लढाईतून पळून आलेली माणसं चार दिवसांसाठी म्हणून त्या शेडमध्ये ठेवली होती. त्यांची मुलं तिथेच मोठी झाली, तरी चार दिवस काही संपले नाहीत. ही माणसं रोज रस्ता ओलांडून अलीकडे कामाला येतात आणि अंधार पडायच्या आत परत जातात. भाड्याने खोली मागितली की खोली कालच गेलेली असते. त्यांच्यातल्या एका गवंड्याने याच इमारतीचा गिलावा केला होता, आणि आता त्याच इमारतीत त्याच्या कुटुंबाला फ्लॅट मिळाला होता. शेडमधल्या माणसाला रस्त्याच्या अलीकडे मिळालेलं हे पहिलं घर. दोन दिवसांनी ते राहायला येणार होते. हे सुरळीत झालं तर बाकीच्यांनाही घरं मिळणार होती, आणि बिघडलं तर कोणालाच नाही.

आता माझं सांगते, कारण ते लपवून ही गोष्ट सांगता येणार नाही. मी भावाकडे राहते, स्वयंपाकघराच्या बाजूच्या बोळकांडीत. तिथे माझी खाट मावते, मी मावते, आणि मी कूस बदलली की वहिनीच्या कपबशा वाजतात. गवंड्याचा फ्लॅट रद्द झाला तर तो कर्मचारी कोट्यात येणार होता, आणि कोट्यात पहिला अर्ज माझा होता. साहेबांनी सकाळी फोनवर याची मुद्दाम आठवण करून दिली. म्हणून त्या पाण्यात उभी राहिल्यावर आधी नळाकडे बघायच्या ऐवजी मी खाट कुठे मावेल ते बघितलं. दोन खाटा मावत होत्या. माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू!

मग मी वाकले आणि बोळा काढला. खाली आत लोखंडी जाळी होती. बोळ्याला एक सुतळी बांधलेली होती आणि तिचं दुसरं टोक नळाच्या पाइपाला गुंडाळलेलं होतं. वर फळीवर एक साबण होता. वासाचा, महागातला, कोरा करकरीत. फक्त त्याच्या एका अंगावर कापडाच्या घड्या उमटल्या होत्या.

"साबण कोणाचा?" मी विचारलं.

रखवालदाराने साबण बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा एकदम उतरला.

२

"माझा नाही," रखवालदार म्हणाला. "पण बाई, एक सांगू का? रागावू नका."

किल्ल्या दोनच. एक गवंड्याच्या बायकोला दिलेली, दुसरी याच्या खोलीत खिळ्याला. खोली म्हणजे जिन्याखालची तिरकी जागा. तिथे हा, याची बायको आणि म्हातारी आई कितीतरी वर्षं डोकं वाकवून राहत होती.

"मी दुपारचा वर जाऊन जरा आडवा होतो," तो म्हणाला. "फरशीवरच. पाय सरळ करता येतात ना तिथे! रोज वाटायचं, इतकी वर्षं या लोकांचे जिने झाडले, आपल्याला नाही मिळाला, आणि काल आलेल्यांना मिळाला."

"काल गेला होतास?"

"काल कुठला! काल टाकी धुवायची होती. सकाळीच मोठा कॉक बंद केला आणि दिवसभर गच्चीवर टाकीत उतरलो होतो. वर लोक उभे, हे घास, ते घास. दिवस मावळताना कॉक उघडला."

"पाणी नसणार, हे सगळ्यांना माहीत होतं?"

"घरोघरी दार वाजवून सांगितलं. तो फ्लॅट तेवढा सोडून. तिथे सांगणार कोणाला?"

गच्चीवरच्या लोकांनी त्याच्या बोलण्याला दुजोरा दिला. टाकीतून डोकं वर काढायलाही त्यांनी त्याला उसंत दिली नव्हती.

मास्तरीणबाईंनी मला खुर्ची दिली आणि दार लोटून घेतलं. फ्लॅट निर्वासितांना देऊ नये म्हणून इमारतीत सह्या गोळा करणाऱ्या त्याच.

"मी वाईट बाई नाही," त्यांनी सुरुवात केली, आणि मी सावरून बसले. अशी सुरुवात करणारी माणसं लवकर उठू देत नाहीत. "माझा मुलगा इथे घर मिळत नाही म्हणून परगावी गेला. नातवंडं मला फोटोत दिसतात. आणि माझ्या डोक्यावर त्यांची मुलं नाचणार! मला बघवत नाही, हे मी तोंडावर सांगते. पण स्वतःच्याच छतावर कोणी पाणी सोडतं का?"

"काल दुपारी कोणाला वर जाताना पाहिलंत?"

"पाहिलं नाही, ऐकलं. वर पावलं वाजत होती. मला वाटलं, रखवालदारच टाकी सोडून लोळायला गेला असेल." म्हणजे त्याचं गुपित फक्त त्याच्यापाशीच गुपित होतं. "पण जड पावलं नव्हती हो. या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून या खोलीत. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग..."

त्यांनी वर छताकडे बघितलं.

"मग काय?"

"मग कोणीतरी रडत होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

३

मी रस्ता ओलांडला.

शेडच्या तोंडाशी एकच नळ आहे. तो सताड उघडा होता, थेंब नव्हता, आणि खाली बादल्यांची रांग लागली होती. आयुष्यभराच्या सवयीने माझा हात पुढे गेला आणि मी तो बंद केला.

"अहो बाई!" कोणीतरी ओरडलंच. "बंद काय करता? पाणी आलं की कळणार कसं?"

मी ओशाळून तो परत उघडला.

गवंड्याचं बिऱ्हाड म्हणजे शेडचा एक गाळा, मधे पडदा. एकीकडे गवंडी, त्याची बायको आणि तीन मुलं. दुसरीकडे त्याची थोरली वहिनी. तिचा नवरा पळून येताना वाटेतच गेला, मूलबाळ नाही. फ्लॅट मिळाला तो गवंड्याला, बायकोला आणि मुलांना. थोरली इथेच राहणार होती, पडद्याच्या अलीकडे. उरलेल्या अर्ध्या भागात दुसरं कोणीतरी येणार होतं.

धाकटी, म्हणजे गवंड्याची बायको, लाँड्रीत इस्त्रीचं काम करते. बातमी ऐकून ती काम टाकून आधी फ्लॅटवर आणि मग घरी धावत आली होती, आणि डोळे रडून सुजले होते.

"आम्हाला येऊच द्यायचं नाही त्यांना," ती म्हणाली. "नळ सोडला, मोरी बुजवली. उद्या आग लावतील."

"तुझी किल्ली कुठे होती काल?"

"गळ्यात." तिने गळ्यातला दोरा ओढून दाखवला. "गळ्यातच असते."

"आई, खोटं," मोठी मुलगी म्हणाली. "आमच्या अंथरुणाखाली असते. आम्ही आळीपाळीने—"

धाकटीने तिच्याकडे असं बघितलं की पोर गप्प झाली आणि सरळ थोरलीच्या मांडीवर जाऊन बसली. धाकटीचा चेहरा तेव्हा जो झाला, तो मी चांगला ओळखते. माझ्या वहिनीची मुलं माझ्याकडे धावली की वहिनीचा अगदी तसाच होतो.

थोरली उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला तुसडी. तिने मला बसायला जागा केली ती भांडी आदळतच. कोपऱ्यात विटांची छोटी मोरी होती. तिने पातेल्यातलं पाणी ओतण्याआधी एक सुतळी ओढली, बोळा बाहेर आला, पाणी गेलं, आणि पायाने दाबून तिने बोळा परत बसवला. हे सगळं माझ्याकडे बघत, बोलता बोलता.

"उंदीर," तिने खुलासा केला. "हे एवढे!"

"तुम्ही फ्लॅट बघितलात का?"

"मला कोण दाखवतंय? मी घरातली थोडीच आहे?" तिने पडद्याच्या दिशेने मान उडवली. "ताब्याच्या दिवशी सगळे नटून गेले. आल्यावर दोन दिवस या बाईसाहेबांच्या तोंडी एकच विषय. नळ असा, खिडकी तशी. मुलांना झोप येईना, हिला सुख आवरेना. मी कानात बोळे घालून झोपले."

"जळते नुसती," धाकटी पुटपुटली.

"जळते तर!" थोरली फाडकन म्हणाली. "तुझी भाकरी भाजायला, तुझी पोरं वाढवायला मी. आणि फ्लॅट तुला!"

मग आलेल्या माणसाला नुसत्या जमिनीवर कसं बसवायचं म्हणून तिने आपली ट्रंक उघडली आणि एक धुतलेली चादर काढून अंथरली. मी बसले. चादरीला वास येत होता, महागातल्या साबणाचा.

सकाळी मी हाच वास घेतला होता.

४

परत येऊन मी त्या फ्लॅटमध्ये एकटीच बसले. फरशी पुसून झाली होती. दार लावून घेतलं तर काय शांतता! कपबशा नाहीत, वहिनीचा खोकला नाही. मी न्हाणीघराचं दार आतून लावून बघितलं. भावाकडे माझा अंघोळीचा नंबर शेवटचा असतो, आणि डोक्यावर दुसरा तांब्या घेईपर्यंत कोणीतरी दार ठोठावतंच. इथे ठोठावणारं कोणी नव्हतं. मी तशीच उभी राहिले, आणि त्या बंद दारामागे मला सगळं कळलं.

नुकसान करायला आलेला माणूस नळाखाली बादली लावत नाही. आणि बोळा परत सहज निघावा म्हणून त्याला सुतळी तर मुळीच बांधत नाही. आम्ही सगळ्यांनी ज्याला घातपात म्हटलं, ते म्हणजे कोणीतरी मन लावून चालवलेलं घर होतं. उंदीर येऊ नये म्हणून मोरी बंद केली, पाणी आलं की कळावं म्हणून नळ उघडा ठेवला. रस्त्याच्या अलीकडे जन्मलेला माणूस कोरडा नळ उघडा टाकून जात नाही. त्याला पाण्याची वाट बघायची सवयच नसते.

म्हणजे आलेलं माणूस पलीकडचं, पण इथे कधी न आलेलं. गवंडी आणि धाकटी ताब्याच्या दिवशी आली होती. रखवालदाराने त्यांना नळ सोडून दाखवला होता आणि उंदीर अडवणारी मोरीतली लोखंडी जाळीही. थोरलीने मात्र फ्लॅटचं नावसुद्धा ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. तिने शेडमधल्यासारखीच तयारी केली. नळ सोडून बसली, पाणी येईना. टाकी धुताहेत हे तिला कोण सांगणार? मुलं शाळेतून यायची वेळ झाली तशी ती निघून गेली, घाईत साबण विसरून. ट्रंकेत कपड्यांच्या घडीत जपलेला साबण. दिवस मावळला, कॉक उघडला, बादली भरली, आणि पुढचं मास्तरीणबाईंनी सांगितलंच होतं.

दार वाजलं. साहेब होते.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "छान उजेड येतो हो इथे."

"हो."

"तुम्ही एवढंच सांगा. शेडमधल्या बाईने चोरून किल्ली घेतली, मोरी बुजवली, नळ सोडून गेली. यातला एक शब्द खोटा आहे?"

नव्हता.

"मग झालं तर. संध्याकाळी अंगणात दोन्हीकडची माणसं जमणार आहेत. तिथे एवढंच बोला." जाताना त्यांनी माझ्या हातात एक किल्ली ठेवली. रखवालदाराकडची. "राहू द्या. नाहीतरी तुमच्याचकडे येणार आहे."

ती किल्ली मी परत केली नाही. मुठीत धरूनच अंगणात गेले.

५

अंगणात एका बाजूला इमारत उभी होती, एका बाजूला शेड. मधे साहेबांची खुर्ची, जणू तिथेही रस्ता गेला होता.

मी तोंड उघडणार तोच धाकटी पुढे आली. "नळ मी सोडला. काल दुपारी मी आले होते. बोळाही मीच घातला."

इमारतीतून एकच गलका झाला. थोरलीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"काल दुपारी तू लाँड्रीत होतीस," मी म्हणाले. "आणि तू असतीस तर बोळा कशाला घातला असतास? जाळी तू बघितली होतीस. नळाला पाणी नाही म्हटल्यावर खाली जाऊन रखवालदाराला विचारलं असतंस. तुला माहीत होतं, इथे पाणी कायम असतं."

"मीच केलं," ती हट्टाने म्हणाली.

"तिच्या बापाने केलं!" थोरली ओरडली आणि गर्दीतून वाट काढत पुढे आली. "मी केलं. किल्ली पोरांच्या अंथरुणाखालून मी घेतली. मला धरून न्या, कुठे टाकायचं तिथे टाका. पण घर त्यांचं काढू नका. पोरं वह्या-दप्तरं बांधून बसलीत."

"का केलंत?" मास्तरीणबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज चढलाच नाही. आदल्या दुपारचं रडणं त्यांनी ऐकलं होतं.

"अंघोळ करायची होती," थोरली म्हणाली. "दार लावून. एकदा. शेडमध्ये बायांच्या रांगेत अंघोळ करते मी, कपड्यांसकट. ही इथे रोज दार लावून करणार, या विचाराने माझी झोप उडाली होती. म्हटलं, हिच्या आधी आपण करायची. हिच्याकडे मागून नाही, आपली आपण." तिने तोंड फिरवलं. "तेही पाणी आलं नाही."

साहेब घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे शेडमधल्या बाईनेच केलं. तपासनीसबाई, तुमचं काय म्हणणं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुठीतली किल्ली गरम झाली होती. दोन खाटा मावत होत्या हो. खिडकीतून उजेड येत होता. एक वाक्य कमी बोलायचं, की झालं असतं.

पण मला थोरलीचा राग येईना. मीही दुपारी त्याच दारामागे उभी होते. माझ्याकडे फक्त साबण नव्हता.

मी सगळं सांगितलं. बादली, सुतळी, शेडचा नळ, आणि घरोघरी वाजवलेली दारं, एक सोडून. नुकसान करायचं म्हणून कोणी काही केलं नाही, असंही सांगितलं. आणि मग मी धाकटीकडे वळले, कारण एक गोष्ट मला शेडमधून आल्यापासून टोचत होती. "आमच्या नियमात एका चुलीवर जेवणारी माणसं एक कुटुंब धरतात. तुझी भाकरी थोरली भाजते. मग ती यादीत वेगळी कशी?"

धाकटीने पदर तोंडात धरला. "मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "वेगळी चूल आहे म्हणून. माझी पोरं पडली-झडली की हिच्याकडे पळतात. मला एक घर असं हवं होतं की तिथे ती माझ्याकडे येतील." ती हुंदके द्यायला लागली. "सकाळी फ्लॅटवर धावत आले, तेव्हा दारातून तुमच्या हातात तो साबण बघितला आणि लगेच ओळखला. लग्नातला आहे तिच्या. इतकी वर्षं वापरला नव्हता."

शेवटी मास्तरीणबाईंनीच कोंडी फोडली. "माझं छत कोण नीट करणार?"

"मी," गवंडी म्हणाला. "उद्याच येतो."

"आणि सफेती?"

"तीपण."

"मग माझी तक्रार नाही," असं म्हणून त्या आत गेल्या. त्यांच्या मागून बाकीची इमारतही एकेक करून आत गेली, थोडी हिरमुसलेली. मी किल्ली रखवालदाराच्या खिळ्याला लावून आले. साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

६

यादी दुरुस्त झाली. थोरली चौथ्या मुलासारखी सामानाबरोबर आली आणि आल्याबरोबर स्वयंपाकघराच्या ओट्यावरून दोघींचं भांडण झालं. रखवालदाराने मला हे आनंदाने कळवलं. त्याची दुपारची झोप गेली होती, तेव्हा तेवढं सुख त्याला हवंच होतं.

गिलावा झाला का ते बघायला मी गेले. मास्तरीणबाईंकडे गवंडी शिडीवर होता आणि त्या खालून बोट दाखवत होत्या. तशीच वर गेले. दार धाकटीने उघडलं. आत मुलं न्हाणीघराच्या दाराला कान लावून बसली होती.

"काकू, झालं का?"

"नाही!" आतून आवाज आला, आणि मग पाण्याचा. सगळ्या घरात तो महागातल्या साबणाचा वास भरला होता.

"केव्हाची आत आहे," धाकटी म्हणाली. "रोजचंच. सगळ्यांचा खोळंबा." पण मुलांना तिने दार ठोठावू दिलं नाही. हात धरून बाजूला घेतलं.

मी खिडकीपाशी बसले. उजेड येत होता. पुढचा फ्लॅट कधी रद्द होईल कोणास ठाऊक, माझा अर्ज अजून पहिलाच आहे. त्या बंद दाराचा मला असा हेवा वाटत होता की डोळे भरून आले, आणि मी रस्त्याकडे बघितल्यासारखं केलं.

धाकटीने दोरीवरचा कोरा टॉवेल काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"तिचं झालं की तुम्ही जा," ती म्हणाली. "पाणी भरपूर आहे. मी बाहेर बसते. कोणाला वाजवू देणार नाही."